एटीकेटी ते ॲडव्हायझर : विद्यापीठांच्या दोन रीती

एटीकेटी हा शब्द ठाऊक नाही असा मराठी पदवीधर विरळाच. ज्याला ती कधी लागली नाही त्याने निदान मित्राची लागलेली पाहिलेली असते. 'अलाउड टु कीप टर्म्स' या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. एखाद-दोन विषयांत नापास झालास, तरी पुढच्या वर्गाच्या टर्म भरायला तुला मुभा आहे, राहिलेला विषय सवडीने काढ, असा त्याचा अर्थ. टर्म 'भरण्याची' ही कल्पना मूळची इंग्लंडातली. बॅरिस्टर होऊ इच्छिणाऱ्याला तिथे ठरावीक टर्म राखाव्या लागत, आणि त्या राखणे म्हणजे ठरलेल्या दिवशी तिथल्या भोजनगृहात हजर राहून जेवणे. गांधीजींनी १८८८ ते १८९१ या काळात लंडनमध्ये अशाच बारा टर्म राखल्या होत्या.

हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की अबूधाबी-दुबई-शारजात वाढलेल्या मुलांच्या घरांतही तो सहज ऐकू येतो. "एकच विषय राहिला ना? काढेल पुढच्या वेळी," असे आई-वडील धीर देण्यासाठी म्हणतात. अडचण एवढीच की ज्या विद्यापीठांत ही मुले शिकतात तिथे एटीकेटी नावाची गोष्ट नाही. तिथे प्रोबेशन आहे, प्री-रिक्विझिट आहे, कॅटलॉग आहे आणि ॲडव्हायझर आहे. या चार शब्दांचा इतिहास आपल्या एटीकेटीच्या इतिहासाहून अगदी वेगळा आहे. मंडळाच्या शैक्षणिक मार्गदर्शनाचे काम करताना मला असे वाटू लागले की पालकांना नियम सांगण्याआधी हा इतिहास सांगायला हवा. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, इतिहासाची नव्हे. पण आपल्या सवयी कुठून आल्या हे कळले तर त्या बदलणे सोपे जाते.

मुंबईची रीत

१८५४ च्या चार्ल्स वुड यांच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठे स्थापन झाली. त्यांच्यापुढे नमुना होता लंडन विद्यापीठाचा, आणि लंडन विद्यापीठ त्या काळी मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होती. शिकवणार कॉलेज, परीक्षा घेणार विद्यापीठ, अशी वाटणी झाली. प्रश्नपत्रिका काढणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि वर्गात शिकवणारा वेगळा. निःपक्षपातीपणाच्या दृष्टीने या रीतीचे मोल मोठे होते. गिरगावातला मुलगा असो की साताऱ्याचा, उत्तरपत्रिकेवर फक्त क्रमांक दिसे. १८६२ मध्ये रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे चौघे मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले ते याच रीतीतून.

पण या रीतीत एक जागा रिकामीच राहिली. परीक्षेच्या आधी, वर्ष चालू असताना, "तुझे कसे चालले आहे, कोणता विषय जड जातो, पुढे काय घेणार आहेस" असे विचारणे हे कोणाच्याच कामात बसत नव्हते. चांगले शिक्षक ते आपल्या स्वभावाने विचारत. व्यवस्था म्हणून त्याच्या जवळ जाणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे दक्षिणा फेलो. पेशवाईत पुण्यात श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर तो निधी हळूहळू शिक्षणाकडे वळवण्यात आला आणि पुढे त्यातून कॉलेजच्या हुशार विद्यार्थ्यांना फेलोशिप मिळू लागल्या. रानडे आणि भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. या फेलोंनी स्वतः शिकता शिकता खालच्या वर्गांच्या अध्यापनात हातभार लावावा अशी अपेक्षा असे. म्हणजे वाटेत दोन पावले पुढे असलेला मुलगा मागच्याचा हात धरी. विद्यार्थी शेकड्यांवरून हजारांवर आणि हजारांवरून लाखांवर गेले तसे हात धरणारे पुरेनासे झाले. परीक्षा मात्र राहिली.

विज्ञान शाखेत तर निवडीचा प्रश्न फारसा येतच नव्हता. पहिल्या वर्षी तीन-चार विषय, मग दर वर्षी एखादा गळत जायचा आणि शेवटच्या वर्षी एक मुख्य विषय उरायचा. कोणते पेपर, कोणत्या क्रमाने, हे सगळे छापील. ज्याला निवड करायचीच नाही त्याला सल्लागार कशाला लागेल? विद्यार्थ्याला ठाऊक असायचे ते दोनच नियम : हजेरी भरली पाहिजे आणि एटीकेटीत बसले पाहिजे. बाकी सारे निकालाच्या दिवशी कळायचे.

अमेरिकेची रीत

अमेरिकेत गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि चाळीस वर्षे त्या जागी राहिले. त्यांनी ठरीव अभ्यासक्रम मोडून विद्यार्थ्याला विषय निवडण्याचे स्वातंत्र्य दिले. जुन्या पद्धतीत लॅटिन-ग्रीकच्या ओझ्याखाली विज्ञानाला जागा नव्हती. निवडीमुळे ती मिळाली. रसायनशास्त्राच्या माणसांनी एलियट यांचे आभारच मानले पाहिजेत. ते स्वतः रसायनशास्त्राचेच प्राध्यापक होते.

पण स्वातंत्र्याबरोबर दोन प्रश्न आले. प्रत्येकाने वेगवेगळे विषय घेतले तर पदवी पुरी झाली हे मोजायचे कशाने? आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने काय घ्यावे हे त्याला सांगायचे कोणी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर क्रेडिट-तास. १९०६ नंतर कार्नेगी फाउंडेशनने प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनाची योजना आखताना शाळेतल्या अभ्यासाचे माप ठरवून दिले आणि तासांत मोजण्याची ही पद्धत कॉलेजांतही पक्की होत गेली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ॲडव्हायझर. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १८७६ मध्ये स्थापनेनंतर लवकरच विद्यार्थ्यांसाठी प्राध्यापक-सल्लागार नेमले गेले आणि हार्वर्डनेही पुढे तसेच केले. एलियट यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांनी १९०९ नंतर निवडीला थोडी वेसण घातली : एका विषयात खोली हवी, बाकीच्यांत रुंदी हवी. आज मुले 'मेजर' म्हणतात त्याची घडण या काळातली.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. ॲडव्हायझर हा काही नापासांसाठी नेमलेला माणूस नव्हे. जिथे निवड आहे तिथे तो आहे. क्रेडिट आणि ॲडव्हायझर ही जोडी आहे. त्यातले एक घेऊन दुसरे सोडले तर गाडी एका चाकावर चालते.

ही जोडी महाराष्ट्रात आलीच नाही असे मात्र नाही. अमेरिकेतल्या लँड-ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर भारतात १९६० पासून कृषी विद्यापीठे निघाली, त्यांपैकी पहिले पंतनगरचे. महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरी, १९६९ मध्ये अकोला, आणि १९७२ मध्ये दापोली व परभणी. मुंबईच्या बी.एस्सी.च्या मुलाला 'क्रेडिट' म्हणजे बँकेतले एवढेच ठाऊक होते, तेव्हा राहुरीचा शेतकऱ्याचा मुलगा कोर्स, क्रेडिट आणि ओजीपीए या भाषेत बोलत होता. आपल्या मंडळात कृषी पदवीधर आहेत. त्यांना विचारून पाहा. आयआयटी कानपूरला १९६२ ते १९७२ अमेरिकी विद्यापीठांचे साहाय्य होते, पिलानीच्या बिट्सला १९६४ नंतर एमआयटीचे. त्याच बिट्सने २००० मध्ये दुबईत शाखा काढली. म्हणजे ही रीत आपल्याला परकी नाही, फक्त आपल्या बहुसंख्य घरांच्या वाट्याला ती आली नाही.

अल-ऐनची गोष्ट

आता आपण जिथे राहतो त्या देशाकडे वळू. संयुक्त अरब अमिरातीची स्थापना २ डिसेंबर १९७१ ची. त्या वेळी इथे एकही विद्यापीठ नव्हते. उच्च शिक्षणासाठी मुले कुवेत, कैरो, बैरुत किंवा त्याहून दूर जात. पाचच वर्षांत, १९७६ मध्ये, शेख झायेद यांनी संयुक्त अरब अमिराती विद्यापीठाची स्थापना केली आणि १९७७ मध्ये अल-ऐन येथे वर्ग सुरू झाले. अल-ऐन निवडण्यामागे ममत्व होते; शेख झायेद १९४६ पासून दोन दशके तिथले कारभारी होते. आरंभी शाखा चारच होत्या : कला, विज्ञान, शिक्षणशास्त्र, आणि प्रशासन व राज्यशास्त्र. मग १९७८ मध्ये शरिया व कायदा, १९८० मध्ये कृषी आणि अभियांत्रिकी, १९८६ मध्ये वैद्यक. विज्ञान महाविद्यालय हे पहिल्या चारांपैकी एक, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेल सापडलेल्या देशाला भूगर्भशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकलेली आपली माणसे हवी होती.

या वर्गांत बसलेली पहिली मुले-मुली कोण होती? बहुतेकांच्या घरात त्याआधी कोणी विद्यापीठाचे तोंड पाहिलेले नव्हते. आधुनिक धर्तीची शाळाच इथे १९५३ मध्ये शारजात सुरू झाली होती. आजोबा मोती काढणाऱ्या गलबतांवर किंवा खजुराच्या बागेत, आणि नात प्रयोगशाळेत ब्युरेट हातात धरून! घरी विचारायला कोणी नाही, "मेजर कोणता घेऊ" याचे उत्तर देणारा काका-मामा नाही. अशा मुलांच्या हाती क्रेडिट पद्धतीची नियमावली नुसती देऊन भागले नसते. म्हणून इथल्या विद्यापीठांत क्रेडिट-तासांबरोबर सल्लागारही आला. अरबीत त्याला 'मुर्शिद' म्हणतात. हा शब्द आपल्याकडे पीर-मुर्शिद या जोडीतून ओळखीचा आहे : वाट दाखवणारा. आणि सरासरी घसरली की मिळणाऱ्या नोटिशीला म्हणतात 'इन्झार', म्हणजे आधी दिलेला इशारा. या शब्दातच त्या नियमाचा हेतू सांगितला आहे.

पुढे १९९७ मध्ये शारजात दोन विद्यापीठे निघाली, शारजा विद्यापीठ आणि अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ शारजा. आपल्यासारख्या परदेशी कुटुंबांतल्या मुलांना विज्ञानाची पदवी इथेच घेण्याची वाट त्यामुळे रुंद झाली. २००० मध्ये मान्यता देणारा सरकारी आयोग आला. मान्यता हवी तर विद्यापीठाने आपले नियम कॅटलॉगात छापले पाहिजेत आणि विद्यार्थ्यांना शैक्षणिक सल्ला मिळेल अशी व्यवस्था ठेवली पाहिजे, हे त्याच्या मानकांत आहे. तेव्हा ॲडव्हायझर म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे, तो आपल्या फीमध्ये धरलेला आहे.

विज्ञान शाखेत हे का जास्त महत्त्वाचे

थोडे गणित करू. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे दर सत्रात १५. सरासरी ४ पैकी मोजतात आणि ती २ च्या खाली गेली की बहुतेक ठिकाणी प्रोबेशन लागते. अल-ऐनलाही रेषा २ चीच आहे. समजा, एका मुलाची पहिल्या सत्राची सरासरी १.६ आली. दुसऱ्या सत्रात त्याने २.४ मिळवले की तो रेषेवर परत आला. हे कोणालाही जमेल. पण तो १.६ नेच चालत राहिला आणि ६० क्रेडिट झाली, तर एका सत्रात वर यायला त्याला ३.६ लागतील. ९० क्रेडिट झाल्यावर लागतील ४.४, आणि ४ च्या वर गुणच नाहीत! एटीकेटीचा विषय निघाला की जुने नापास पुसले जाते. सरासरीचे तसे नसते. ती सारे लक्षात ठेवते. पुन्हा दिलेल्या विषयाचा जुना गुण धरायचा की नवा, हा नियम विद्यापीठागणिक वेगळा असतो आणि तो कॅटलॉगात वाचावाच लागतो.

दुसरी गोष्ट साखळीची. जनरल केमिस्ट्री झाल्याशिवाय ऑरगॅनिक नाही, ऑरगॅनिक झाल्याशिवाय बायोकेमिस्ट्री नाही, कॅल्क्युलस नसेल तर फिजिकल केमिस्ट्री नाही. यालाच प्री-रिक्विझिट म्हणतात. इतिहासाचा एखादा कोर्स राहिला तर बाजूला राहतो. रसायनशास्त्राचा पहिला राहिला तर मागची सगळी रांग थांबते. त्यातून वरच्या वर्गाचे कोर्स लहान महाविद्यालयांत वर्षातून एकदाच लावतात. तिसरी गोष्ट प्रयोगशाळेची. दोन-तीन तासांच्या प्रॅक्टिकलला बहुधा एकच क्रेडिट असते. कागदावर १५ क्रेडिट दिसतात, पण आठवड्याचे तास त्याहून बरेच जास्त होतात. हे नवख्या मुलाला कोणी सांगितले नाही तर तो हौसेने जास्तीचे ओझे उचलतो.

आपल्यातल्याच एका मुलीची हकीकत, घरच्यांच्या संमतीने आणि नाव न देता, सांगते. पहिल्याच सत्रात जनरल केमिस्ट्री गेली. वडील स्वतः बी.एस्सी., त्यांनी मायेने सांगितले, "घाबरू नकोस, आम्हीही एटीकेटीवर गेलो आहोत." मुलगी पुढच्या सत्रात जागा मिळेल ते कोर्स घेऊन मोकळी झाली. त्यांतले दोन तिच्या मेजरला लागूच नव्हते. ॲडव्हायझरकडे ती गेली तिसऱ्या सत्रात, तेव्हा ऑरगॅनिकचा वर्ग पुढच्या वर्षावर गेलेला होता. चार वर्षांची पदवी पाच वर्षांत झाली. मुलगी आज चांगल्या नोकरीत आहे, पण त्या पाचव्या वर्षाच्या फीसाठी वडिलांनी गावी परतणे पुढे ढकलले. वडील चुकीचे बोलले असे मी म्हणणार नाही. ते त्यांच्या विद्यापीठाचा नियम सांगत होते.

इथे मला मुख्य गोष्ट सांगायची आहे. आपण स्वतःला सुशिक्षित घरे समजतो आणि ती आहेतच. पण या पद्धतीत आपली मुले पहिल्या पिढीची आहेत, १९७७ च्या अल-ऐनच्या मुलांइतकीच. फरक एवढाच की त्या मुलांच्या घरच्यांना माहीत होते की आपल्याला हे ठाऊक नाही, आणि म्हणून ती मुले मुर्शिदाकडे गेली. आपल्याकडे पदवीधर वडील घरातच असतात. त्यामुळे मुले बाहेर विचारत नाहीत. त्यात आपला जुना संकोच. शिक्षकाचे दार उगीच ठोठावणारा मुलगा आपल्या कॉलेजात 'सरांचा चमचा' ठरायचा. इथे दार ठोठावणे हाच नियम आहे. ठरलेल्या वेळी प्राध्यापक त्यासाठीच बसलेले असतात.

व्हिसाचा धागाही विसरून चालत नाही. २०२२ च्या नव्या नियमांनी अविवाहित मुलाला २५ वर्षांपर्यंत वडिलांच्या व्हिसावर राहता येते. त्याआधी अठरानंतर शिक्षण चालू असल्याचा दाखला लागे. तेव्हा प्रोबेशनवरून नाव कमी होणे म्हणजे थेट विमानाचे तिकीट ठरू शकत होते. आज सवड वाढली आहे, पण विद्यापीठाच्या व्हिसावर असलेल्या मुलांना ती लागू नाही.

आता काय करावे

पहिले, प्रवेश घेतला त्या वर्षाचा कॅटलॉग उतरवून घ्यावा आणि जपून ठेवावा. सहसा त्याच वर्षाचे नियम पदवीपर्यंत लागू राहतात. दुसरे, मुलाने पहिल्याच महिन्यात ॲडव्हायझरला भेटून चारही वर्षांचा आराखडा कागदावर उतरवून घ्यावा, कोणता कोर्स कोणत्या सत्रात लागतो यासह. तिसरे, कोर्स सोडण्याची शेवटची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहावी. वेळेत सोडलेल्या कोर्सपुढे फक्त 'डब्ल्यू' लागतो आणि सरासरी वाचते; तारीख उलटली की 'एफ'. चौथे, ॲडव्हायझरने सही केली म्हणजे जबाबदारी त्याची, असे समजू नये. शेवटची जबाबदारी विद्यार्थ्याची, असे जवळजवळ प्रत्येक कॅटलॉगात लिहिलेले असते. आणि पाचवे, भेटीला मुलाने एकट्याने जावे. आपण बाहेर गाडीत बसावे.

ज्यांची मुले पदवीसाठी महाराष्ट्रात जाणार आहेत त्यांनीही हे वाचून बाजूला ठेवू नये. २०१० नंतरच्या वर्षांत मुंबईसारख्या विद्यापीठांत क्रेडिट आणि ग्रेड आले, २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडीवर आधारित क्रेडिट पद्धत पुढे आणली, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणानंतर मेजर-मायनरची भाषा आपल्या कॉलेजांतही रुळू लागली आहे. क्रेडिट तिथे पोचले. मुर्शिद प्रत्येक कॉलेजात पोचला आहे असे म्हणवत नाही. तिथल्या मुलांना विचारणारे माणूस आपणच शोधून द्यावे लागेल.

मंडळाच्या मार्गदर्शन बैठकीत यंदापासून दक्षिणा फेलोंची जुनी रीत चालवून पाहावी असे काही जणांच्या मनात आहे : इथे तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींनी नव्याने प्रवेश घेणाऱ्या दोघा-तिघांची जबाबदारी घ्यायची. ज्यांची मुले शिकत आहेत त्यांनी त्यांची नावे कार्यकारिणीकडे द्यावीत. आणि बैठकीला येताना कॅटलॉग आणि मूल, दोन्ही बरोबर आणावे.